वाऱ्याच्या अंगाचं माप

अमिनाबीनं शिवलेला ब्लाउज आजवर कधी माघारी गेला नाही. हे मी कौतुकानं लिहीत नाही. मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणाला ठाऊक नसेल तर अमिनाबी स्वतः सांगते. चाळीस वर्षं ती शिवते आहे. तिच्या सासूनं पुठ्ठ्यावर कापून दिलेला एक खाका तिच्या भिंतीवर खिळ्याला लटकलेला असतो. कडा झिजून कापसासारख्या मऊ झाल्यात. त्याच खाक्यावरून माझ्या सासूबाईंचे ब्लाउज शिवले, माझेही त्यावरूनच होतात. मागच्या वर्षी सुनेचा शिवला तर ती आरशात बघून म्हणाली, "आई, हा कोणत्या बुटीकमधला?"

दुपारची कामं आवरली की मी अमिनाबीच्या ओट्यावर जाऊन बसते. माझा लाख वातींचा नेम चालू आहे. ती शिवते, मी वाती वळते. तिची अस्रची, उन्हं कलतानाची, नमाज झाली की मी दिवाबत्तीला उठते. आम्हा दोघींना घड्याळाचं काम पडत नाही. घरी येऊन मी रोजच्या वहीत चार ओळी लिहिते. यंदाच्या आषाढात मात्र चाराच्या चौदा व्हायला लागल्या, म्हणून हे सगळं एकत्र करून नीट लिहिते आहे.

सुरुवात बोटात सुई घुसली तिथून झाली. होळीच्या सुमारास अमिनाबीनं शिवता शिवता मशीनची सुई आपल्याच बोटातून आरपार घातली. तिचा मुलगा नईम पाइपच्या कारखान्यात पाळीवर जातो. शांत पोरगा, आईवर जीव. त्यानं पट्टी बांधली आणि म्हणाला, "अम्मी, आता बस झालं. तुमची नजर पूर्वीसारखी नाही. मशीन काढून टाकू."

अमिनाबी भडकली. गल्लीभर ऐकू जाईल असं बोलली, "माझी नजर माझ्या बोटांत आहे! ज्या दिवशी माझ्या हातचं काम बसलं नाही म्हणून माघारी येईल, त्या दिवशी मीच मशीनवर चादर टाकीन. तोवर नाव काढायचं नाही."

शब्द सगळ्यांनी ऐकला होता, आणि नईम तो विसरणारा नव्हता.

पुढे उन्हाळ्यात वना नाना आले. मूळचे पिंपळनेरचे, बत्तीस वर्षं मुंबईला गोदीत सुतारकाम केलेले. आता लेकीकडे आमच्या मागच्या गल्लीत राहतात. रोज सकाळ-संध्याकाळ मेहरूणच्या तलावाला चक्कर मारतात आणि बदकाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या बघून कपाळाला आठ्या घालतात. "एवढा वारा सुटतो या पाण्यावर, आणि लोक पाय मारत बसतात," हे त्यांचं नेहमीचं. एका दुपारी ते अमिनाबीच्या नवऱ्याकडे, खाजा मिस्त्रीकडे, एक जुना नकाशा घेऊन आले आणि तो रंधा मारायच्या बाकावर पसरला.

छोट्या शिडाच्या होडीचा नकाशा होता. दहा फुटांची, दोन माणसांपुरती. पुढून टोकदार नाही. नाक कापल्यासारखी चपटी.

खाजाभाईंनी चष्मा वर केला. "नाना, ही होडी आहे का गुरांची गव्हाण?"

"मिस्त्री, हाई गव्हाण साठ वरीसपाईन जगभर फिरी राहिनी," नाना म्हणाले. नाना रंगात आले की अहिराणीवर येतात. "एक रेघ कोणी बदली नही!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. ज्यानं ही होडी आखली त्यानं मोठे कारखाने डोळ्यांसमोर ठेवलेच नव्हते. घराच्या मागच्या अंगणात, साध्या माणसाला, प्लायवूडच्या चार-पाच तक्त्यांतून बांधता यावी, एवढंच त्याच्या मनात होतं. नाक चपटं ठेवलं की फळ्या कमी वाकवाव्या लागतात आणि आत बसायला जागाही होते. लहान असूनही मोठ्या जहाजासारखी वाऱ्याचं ऐकते. गोदीतल्या साहेबांच्या क्लबात अशा दोन होत्या. नवीन चकचकीत होड्या आल्या, मोडल्या, गेल्या. या दोन तशाच. नाना रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे बघत डबा खायचे. "तवा ठरावं, रिटायर व्हसू तवा एक बांधसू."

"आणि फळ्या जोडायच्या कशा? खिळ्यांनी?" खाजाभाईंनी विचारलं.

"नही. तांब्याच्या तारेनं शिवायच्या. मग सांध्यावर गोंद आणि पट्टी."

इतका वेळ मशीनवर मान खाली घालून बसलेल्या अमिनाबीनं पाय थांबवला. "शिवायची? लाकडं शिवायची?"

"हा. कडेनं भोकं पाडायची आणि टाके घालायचे."

"मग मिस्त्रीला काय सांगता, नाना? त्यांना स्वतःचं बटण लावता येत नाही."

झालं. दारं-चौकटी करणाऱ्या खाजाभाईंनी फळ्या कापल्या आणि टाके अमिनाबीनं घातले. जेठभर त्या दोघांचं अंगणात जे काही चाललं होतं ते बघायला मी रोज अर्धा तास आधीच जायचे. "अजी, फळी धरा नीट, का बकरी धरलीय?" "अमीना, तू टाका घालतेस का सूड उगवतेस?" खाजाभाईंची बोटं तारेनं खरचटली, तिची एकदाही नाही. आषाढ लागता लागता होडी उभी राहिली. खाजाभाईंनी तिला हिरवा रंग दिला. डोलकाठी म्हणून शेतात फवाऱ्याला वापरतात तो ॲल्युमिनियमचा लांब पाइप आला. राहिलं शीड.

नानांच्या भाच्यानं सुरतेहून पांढरं दाट विणीचं नायलॉन पाठवलं. अमिनाबीनं ते हातात घेऊन चुरगाळलं, कानाशी नेऊन आवाज ऐकला आणि म्हणाली, "छान आहे. बोलतं कापड आहे." नकाशावरून मापं उतरवली. तिथंच चूक झाली. पण ती तेव्हा कुणालाच दिसली नाही.

नकाशात शिडाची डोलकाठीकडची कड सरळ नव्हती. मधोमध चार बोटं बाहेर फुगलेली होती. अमिनाबीनं ती बघितली आणि मनात म्हणाली, कागद इतकी वर्षं घडीत राहिला, रेघ वाकली असेल. तिनं पट्टी लावली आणि कड सरळ केली. दुसऱ्याची वाकडी रेघ दिसली की सरळ करायची, ही तिच्या हाताची सवय. त्याच सवयीवर आमच्या गल्लीतले सगळे ब्लाउज बसतात. शीड शिवून झालं तेव्हा इस्त्री केलेल्या धोतरासारखं झालं होतं, कुठं सुरकुती नाही. नानांनीसुद्धा पाठ थोपटली.

दीप अमावस्येच्या आधीच्या रविवारी होडी पाण्यात उतरली. परवानगीचा कागद नानांनी आधीच काढून ठेवला होता. सकाळी फिरायला येणारे सगळे लोक काठावर थांबले. नारळ फुटला, खाजाभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं, मी मनातल्या मनात विठ्ठलाला हात जोडले. नाना बसले, सुकाणू धरलं आणि होडी सुटली.

जाताना काय सुंदर गेली! वारा पाठीमागून होता. हिरवी होडी आणि पांढरं शीड, पार पलीकडच्या काठापर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अमिनाबी माझ्या शेजारी उभी, ओढणीचं टोक दातात.

मग नाना वळले. आणि पुढं काही होईना. शिडाच्या होडीला वाऱ्यासमोरून परत यायचं तर तिरकं तिरकं यावं लागतं, आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं. शीड मात्र वाऱ्यात नुसतं फडफडलं, मग ताणून पापडासारखं सपाट झालं. होडी पुढं यायचं सोडून आडवी सरकत गेली आणि कडेच्या गवतात शिरली. नानांनी तीनदा बाहेर काढली, तिन्ही वेळा ती परत गवतात. शेवटी एका पायडलच्या बदकानं त्यांना दोरीनं ओढून आणलं. काठावर पाच-सात मोबाइल वर झाले होते.

"बदकानं जहाज आणलं रे!" कुणीतरी ओरडलं.

नानांनी शीड उतरवलं, घडी केली. कुणाला दोष द्यायचा त्यांचा स्वभाव नाही. हळूच म्हणाले, "जाऊ दे. मुंबईहून तयार शीड मागवतो."

त्यापेक्षा त्यांनी अमिनाबीला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर नईमनं ती घडी मशीनच्या पाटावर ठेवली. "अम्मी," तो म्हणाला, "माघारी आलं."

ओट्यावर आम्ही चौघं होतो. आपण मनाविरुद्ध काही करतोय हे नईमच्याही तोंडावर दिसत होतं.

"हे माघारी नाही," अमिनाबी म्हणाली. "ही ट्रायल होती."

"अम्मी..."

"ट्रायल असते की नाही ब्लाउजला? कोकिळाताईंना विचार."

तीस वर्षांत तिनं मला एकदाही ट्रायलला बोलावलं नव्हतं. पण बाकीच्या शिंप्यांकडे असतेच की. म्हणून मी म्हणाले, "असते," आणि यात खोटं काहीच नव्हतं.

नईमनं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. "ठीक. एक ट्रायल. पुढचा रविवार. नाही बसलं तर चादर."

"टाकीन," अमिनाबी म्हणाली. "मीच टाकीन."

सोमवार, मंगळवार ती शीड जमिनीवर अंथरून त्याच्याभोवती फिरत राहिली. कानबाईच्या सणाचे ब्लाउज पडून होते, बायका विचारायला येत होत्या, तिचं लक्ष नव्हतं. माझ्या वहीत मंगळवारी एवढंच आहे: "आज अ. बोलली नाही. वाती फक्त दोनशे झाल्या." त्या रात्री देवापाशी बसून मी एका शिडासाठी साकडं घातलं. देवाला हे नवीनच असेल, असं वाटून हसूही आलं.

बुधवारी दुपारी मी गेले तेव्हा अमिनाबी कुणाचा तरी ब्लाउज हातात घेऊन उलटसुलट करत होती. एकदम खाजाभाईंना म्हणाली, "अजी, मी माप कोणाचं घेतलं?"

"कसलं?"

"शिडाचं."

"नकाशाचं."

"कागद कपडा घालतो का?"

खाजाभाई रंधा मारायचे थांबले. "मग काठीचं घेतलं म्हण."

"काठीही घालत नाही. काठी म्हणजे खुंटी, नुसतं अडकवायला. शीड कोण घालतं?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "वारा घालतो! चाळीस वर्षांत मी कुणाला बघितल्याशिवाय कात्री लावली नाही, आणि याला न बघताच शिवलं. नानांना बोलवा. मला होडीत बसायचंय."

आता हे तुम्हाला सांगायला हवं की अमिनाबीला पाण्याची भीती आहे. भुसावळला जाताना वाघूर नदीचा पूल आला की ती बसमध्ये डोळे मिटून घेते. खाजाभाई म्हणालेच, "तू? अमीना, तू पायडलच्या बदकात बसली नाहीस कधी."

"बदकाचं माप कुठं घ्यायचंय मला?"

बुधवारी संध्याकाळी चारचा वारा चांगला होता. नारिंगी जाकीट घातलेली, गळ्यात मापाची टेप, ओढणीला टाचण्या, एका हातात शिंप्याचा खडू, अशी अमिनाबी होडीत बसली. दुसऱ्या हातानं तिनं होडीची कड अशी धरली होती की बोटं पांढरी पडली. मी आणि खाजाभाई काठावर. खाजाभाई वरवर हसत होते, पण माझ्या टोपलीतल्या वाती उचलून बोटांत चुरगाळत होते. त्यांच्या हातून माझ्या सतरा वाती वाया गेल्या.

पाण्यावरून आवाज स्वच्छ येत होता.

"नाना, तिरकी घ्या. तशी नाही, रविवारी अडकली तशी!"

"घेस, माय, घेस!"

"थांबवा आता."

"वारा थांबत नही, अमिनाबी!"

"मग मी बघते कसं?" असं म्हणून ती चक्क उभी राहिली. होडी कलली. नाना ओरडले, "बठ! बठ! उभी नको राहू!" आणि ती धपकन नानांच्या पायावर बसली. नानांची ओरड पार काठावर आली. पण बसता बसता तिनं खडूची एक रेघ ओढली होती. मग दुसरी. मग ओढणी सांभाळत, पाण्याकडे अजिबात न बघता, वर शिडाकडे बघत ती हळूहळू पुढं सरकली आणि डोलकाठीपाशी कापडाला टाचण्या लावायला लागली. दहाएक मिनिटांनी मला दिसलं की तिनं होडीची कड सोडली आहे. दोन्ही हात कापडात होते.

काठाला आली तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि तोंड उजळलं होतं.

"ताई, वाऱ्याला पोट असतं," ती म्हणाली. "आणि मी त्याला सपाट कुर्ता शिवला. वर ही काठी वाऱ्यात कमरेत वाकते, ते वेगळंच. नकाशातल्या बाबानं म्हणूनच तिथं चार बोटं जास्त दिली होती. मी शहाणी, त्याची रेघ सरळ करायला गेले!" नकाशातल्या त्या अनोळखी माणसाबद्दल ती एखाद्या वडीलधाऱ्या शिंप्याबद्दल बोलावं तसं बोलत होती. "साठ वर्षं कुणी बदलली नाही, आणि मला आठ दिवसांत बदलायची होती."

कापलेलं कापड परत वाढत नाही. पण पोट द्यायचं कसं हे ब्लाउज शिवणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. तिनं काठीकडच्या कडेपासून आत तीन टक्स घ्यायचे ठरवले. कडेला रुंद, आत जाताना निमुळते, आणि हातभर अंतरावर विरून गेलेले. ब्लाउजला घेतात तसेच, फक्त लांबच लांब.

शनिवारी ती शिवायला बसली. सुईत दोरा ओवायला गेली आणि दोरा चुकला. परत चुकला. मी वाती खाली ठेवल्या, पण उठायच्या आत नईम दारात दिसला. पाळीवरून आला होता, डबा हातातच होता. सहाव्यांदा दोरा चुकला तेव्हा तो आत आला, डबा खाली ठेवून सुई ओवली आणि बाजूला बसून राहिला. ती शिवत गेली, तो शीड सरकवत गेला. तिसरा टक्स संपेपर्यंत तो तिथून हलला नाही. मशीनचा आवाज तेवढा होता.

रविवारी श्रावणातला पहिला चांगला वारा होता. काठावर आधीच्या रविवारपेक्षा जास्त माणसं. मागचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. पायडलचं बदक दोरी घेऊन तयारच उभं होतं, आणि त्यावरून बरेच विनोद चालले होते.

नाना निघाले. जाताना गेलीच, त्याचं काही विशेष नाही. पलीकडं वळले तेव्हा काठावरचं बोलणं थांबलं. शीड फडफडलं. अमिनाबीनं माझा हात इतका दाबला की माझ्या बांगड्या रुतल्या. मग वाऱ्यानं कापड भरलं आणि आतून कुणी हात घातल्यासारखं त्याला गोल पोट आलं. होडी कलली आणि पुढं निघाली. आडवी नाही, पुढं! नाक चपटं असून पाणी कापत तिरकी तिरकी चढायला लागली. घाटात चढण लागली की गाडी नागमोडी जाते ना, तशी.

मध्येच शीड पुन्हा ढिलं पडलं. काठीवर नुसतं लोंबलं. होडी जागच्या जागी.

"गेलं," खाजाभाई पुटपुटले.

"गेलं नाही," अमिनाबी म्हणाली. "कूस बदलते आहे."

नानांनी सुकाणू पलीकडं ढकललं, स्वतः वाकून दुसऱ्या बाजूला बसले, आणि शीड दुसऱ्या कुशीवर भरलं. तेच पोट, आता उजवीकडं. पहिली आरोळी कुणी ठोकली माहीत आहे? नईमनं! शांत पोरगा तो, दोन्ही हात वर करून नाचत होता. पाच वेळा अशी कूस बदलत नाना आमच्या पायांपाशी येऊन लागले. बदकवाल्यानं दोरी गुंडाळून ठेवली.

"अमिनाबी," नाना होडीतूनच म्हणाले, "बरोबर बठनं. गोदीना साहेबसकडे बी असं शीड नव्हतं."

अमिनाबीनं मान हलवली, जणू एखाद्या बाईनं ब्लाउज बसला म्हणून सांगितलं. मग नईमकडे वळली. तो मान खाली घालून हसत होता.

"मशीन तुमचं, अम्मी."

"माझंच होतं," ती म्हणाली. थोडं थांबली, ओढणी नीट केली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडं कधी नेतोस?"

नईमनं एकदम वर बघितलं.

"असा बघू नको. दोरा काय तूच ओवणार का दर वेळी? पाळी कोण करील?"

मंगळवारी चष्मा आला. जाड काड्यांचा, तपकिरी. तो लावून तिनं आधी खाजाभाईंकडे बघितलं आणि म्हणाली, "अजी, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?" खाजाभाई म्हणाले, "तू दोरा ओवत होतीस तेव्हा." मग तिनं दोन दिवस बसून कानबाईचे राहिलेले सगळे ब्लाउज संपवले.

आणि पुढच्या रविवारी आम्ही तलावावर गेलो. नाना निघायच्या तयारीत, शीड चढवलेलं. अमिनाबी चष्म्यातून वरपासून खालपर्यंत बघत आली आणि मधल्या टक्सपाशी थांबली. आम्हा कुणालाच तिथं काही दिसेना.

"उतरवा," ती म्हणाली.

"काय झालं?" नाना घाबरले.

"टीप वाकडी आहे. एक सूतभर. उतरवा."

"अमिनाबी, चालतेय ना व्यवस्थित!"

"चालतेय म्हणून काय वाकडी ठेवू? माझ्या हातची आहे ती."

नईमला आयतीच संधी मिळाली. "म्हणजे अम्मी, माघारी आलं!"

"आलं नाही," अमिनाबीनं शीड काखेत मारलं आणि रस्त्याला लागली. "मी बोलावलंय."

नाना त्या दिवशी उघड्या काठीखाली होडीत बसून राहिले, आणि बदकात बसलेली माणसं त्यांच्या भोवतीनं पायडल मारत, आज जहाज का उभं म्हणून विचारत राहिली. नाना प्रत्येकाला अभिमानानं सांगत होते, "शीड शिंप्याकडे गेलंय."